न्यूयॉर्कमध्ये मिळालेली खोली बडोद्यात का मिळाली नाही? परदेशी शिक्षण, निवारा आणि जात

दरवर्षी जुलै-ऑगस्ट उजाडला की आम्हा कार्यकर्त्यांचे फोन वाजू लागतात. "दादा, व्हिसा आला, पण राहायची सोय झाली नाही." "ताई, खोलीचं डिपॉझिट भरायला आठच दिवस राहिलेत. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता कधी येईल?" फोन करणारी मुले नांदेडची असतात, वाशीमची असतात, चंद्रपूरची असतात. घरातली पहिली पदवीधर, गावातली पहिली पासपोर्टवाली. निवड यादी लागली त्या दिवशी याच मुलांचे फ्लेक्स चौकात लागलेले असतात, विहारात सत्कार झालेले असतात. पण विमानातून उतरल्यावर पहिल्या रात्री हे लेकरू झोपणार कुठे, हा प्रश्न सत्काराच्या भाषणात कुणी विचारत नाही.

आम्हाला हा प्रश्न किरकोळ वाटत नाही. परदेशी शिक्षणाच्या गोष्टी सांगताना आपण विद्यापीठाचे नाव घेतो, पदव्या मोजतो, ग्रंथालयात किती तास वाचन केले ते सांगतो. खोली मात्र गोष्टीतून गळून जाते. वास्तविक बाबासाहेबांचा विद्यार्थिदशेतला इतिहास नीट वाचला, तर तो जितका ग्रंथालयांचा आहे तितकाच खोल्यांचाही आहे. कोणती खोली मिळाली, कोणाबरोबर मिळाली, कोणत्या नावाने मिळाली आणि कोणत्या दिवशी तिच्यातून हाकलले गेले, या क्रमाने तो इतिहास आज पाहू या.

समुद्र ओलांडल्यावर कुणाची जात जाते?

आधी थोडी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेला जाणाऱ्या सवर्ण विद्यार्थ्यासमोर मोठे संकट होते ते समुद्रबंदीचे. समुद्र ओलांडला की जात जाते, असे शास्त्री-पंडित सांगत. मोहनदास गांधी १८८८ मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी निघाले, तेव्हा त्यांच्या मोढ वाणी जातपंचायतीने मुंबईत त्यांना जातीबाहेर काढले होते. परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यायचे की नाही, यावर त्या काळच्या सवर्ण समाजात वर्षानुवर्षे वाद चालले. म्हणजे परदेश हा त्यांच्यासाठी जात गमावण्याचा धोका होता. लंडनच्या बिऱ्हाडात शाकाहारी अन्न कुठे मिळेल, ही गांधीजींची पहिल्या काही महिन्यांची सर्वांत मोठी चिंता होती, हे त्यांनीच आत्मकथेत नोंदवले आहे.

विद्यार्थी कुठे राहतो याला राजकीय महत्त्व आहे, हेही त्या काळी सर्वांना कळत होते. श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ मध्ये लंडनच्या हायगेट भागात 'इंडिया हाऊस' हे भारतीय विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले आणि बघता बघता ते क्रांतिकारकांचे केंद्र झाले. १९१० च्या सुमारास ब्रिटिश सरकारने क्रॉमवेल रोडवर भारतीय विद्यार्थ्यांसाठी आपल्या देखरेखीखालची सोय उभी केली. मुलगा ज्या घरात राहतो, ज्या टेबलावर जेवतो, तिथेच त्याचे विचार घडतात, एवढे सरकारलाही समजले होते आणि सरकारच्या विरोधकांनाही. मात्र या दोन्ही घरांच्या चर्चेत अस्पृश्य विद्यार्थी कुठेच नव्हता. तो तिथपर्यंत पोहोचेल अशी कल्पनाच कुणी केलेली नव्हती.

तो पोहोचला, पण लंडनला नाही. तो आधी न्यूयॉर्कला पोहोचला.

हार्टले हॉल ते लिव्हिंग्स्टन हॉल

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले. ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी बडोदा संस्थानाशी करार केला: अमेरिकेत शिकायचे आणि परत येऊन दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात २२ वर्षांचा हा तरुण न्यूयॉर्कला उतरला. मागे मुंबईत रमाई होत्या, काही महिन्यांचा यशवंत होता आणि कमावता आधार गमावलेले कुटुंब होते.

कोलंबिया विद्यापीठाची हार्टले हॉल आणि लिव्हिंग्स्टन हॉल ही दोन वसतिगृहे १९०५ मध्ये सुरू झालेली होती. भीमरावांना पहिली खोली मिळाली ती हार्टले हॉलमध्ये. तिथले जेवण त्यांना मानवेना, म्हणून आठवड्याभरातच त्यांनी ती सोडली. मग ते ११४व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले. तिथे काही भारतीय विद्यार्थी राहत होते. आणि शेवटी ते स्थिरावले लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये, नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. ही मैत्री जन्मभर टिकली.

चरित्रग्रंथांत या तीन मुक्कामांना तीन-चार ओळी मिळतात. आम्हाला मात्र इथे थांबावेसे वाटते. ज्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नव्हता, ज्याला वर्गात बसायला घरून गोणपाट न्यावे लागत होते, त्या मुलाने पहिल्या आठवड्यात काय केले? जेवण आवडले नाही म्हणून खोली बदलली! किती साधी गोष्ट आहे ही. पण आपल्या माणसाला आयुष्यात कधी खोली 'निवडता' आली होती? परळच्या चाळीत जागा मिळाली तिथे राहायचे, गावात महारवाड्यात राहायचे. नावडते म्हणून एक जागा सोडायची, दुसरी पाहायची, तीही सोडून तिसरी घ्यायची आणि कुठेही कुणी जात विचारायची नाही, हा अनुभव त्यांना पहिल्यांदाच येत होता. आपण ज्याला 'सेटल होणे' म्हणतो, ते त्यांच्या बाबतीत केवळ सामान लावणे नव्हते. माणूस म्हणून जागा घेण्याचा तो सराव होता.

याच काळात न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरला. साडेअकरा पौंडांत भागवून ते घरी पैसे पाठवत. चैन म्हणजे जुनी पुस्तके, ती त्यांनी सुमारे दोन हजार जमवली असे चरित्रकार सांगतात. १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जात ही काय चीज आहे याची शास्त्रीय चिकित्सा त्यांनी केली ती ज्या दिवसांत त्यांना स्वतःला जातीचा जाच नव्हता त्या दिवसांत, हा योगायोग आम्ही मानत नाही. आग लागलेल्या घरात बसून आगीचे शास्त्र लिहिता येत नाही. त्यासाठी आधी बाहेर यावे लागते आणि श्वास घ्यावा लागतो. लिव्हिंग्स्टन हॉलच्या खोलीने तो श्वास दिला.

म्हणजे समुद्र ओलांडल्यावर जात जाते हे शास्त्र्यांचे म्हणणे एका अर्थी खरे ठरले. सवर्णाला ज्याचे भय वाटत होते, तेच आपल्या माणसाच्या वाट्याला मुक्ती म्हणून आले.

अमेरिका काही स्वर्ग नव्हती

इथे एक सावधगिरी घ्यायला हवी. आपल्याकडे काही मंडळी 'अमेरिकेत भेदभाव नव्हता' असे सरसकट सांगतात. हे खरे नाही. त्याच कोलंबियाच्या त्याच हार्टले हॉलचा पुढचा इतिहास पाहा.

१९२१ मध्ये लँग्स्टन ह्यूज हा कृष्णवर्णीय तरुण कोलंबियात शिकायला आला. पुढे तो अमेरिकेचा मोठा कवी झाला. त्याने मेक्सिकोहून पत्र लिहून आधीच खोली राखून ठेवली होती. प्रत्यक्ष उभा राहिला तेव्हा कार्यालयातल्या लोकांचे चेहरे बदलले. पत्रातून रंग दिसत नव्हता ना! बरीच घासाघीस झाल्यावर त्याला हार्टले हॉलमध्ये खोली मिळाली. वर्षभरातच त्याने कोलंबिया सोडले. १९२४ मध्ये तर याहून भयंकर घडले. फ्रेडरिक वेल्स हा कृष्णवर्णीय विद्यार्थी कोलंबियाच्या फर्नाल्ड हॉल या वसतिगृहात राहतो म्हणून त्या इमारतीसमोर रात्री क्रूस जाळण्यात आला. क्रूस जाळणे ही कू क्लक्स क्लॅनची धमकीची खूण होती. वेल्सने खोली सोडायला नकार दिला आणि तो तिथेच राहिला.

तेव्हा बाबासाहेबांना खोली सहज मिळाली ती अमेरिका न्यायी होती म्हणून नव्हे. अमेरिकेची शिडी वेगळी होती, रंगाची होती, आणि तिच्यावर एका भारतीय विद्यार्थ्याची जागा कोणती हे तिथल्या कारकुनाला ठाऊक नव्हते. जातीची नजर तिथे नव्हती, रंगाची नजर होती. विद्यापीठाच्या वसतिगृहातली खोली हा समाजाच्या शिडीचा आरसा असतो. न्यूयॉर्कमध्ये तो आरसा कृष्णवर्णीयांना हाकलत होता. आपला आरसा आपल्याला कसे हाकलतो, हे बाबासाहेबांना लवकरच पुन्हा दिसणार होते.

बडोद्याचे अकरा दिवस

१९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला गेले. ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि ऑगस्ट १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. कराराप्रमाणे सप्टेंबरमध्ये बडोद्याला नोकरीवर हजर व्हायचे होते.

पुढचा प्रसंग आपल्या घराघरांत माहीत आहे, पण तो आपण बहुधा नोकरीतल्या अपमानाचा प्रसंग म्हणून सांगतो. तो मुळात निवाऱ्याचा प्रसंग आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत तो स्वतः लिहिला आहे. ही पुस्तिका १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केली. परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती, आणि बडोद्याच्या स्टेशनावर उतरताच 'जायचे कुठे' या प्रश्नाने ती परत जागी केली, असे त्यांनी तिथे सांगितले आहे. हिंदूंच्या खाणावळवजा 'विश्या' होत्या, पण तिथे जात लपवल्याशिवाय प्रवेश नव्हता. म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत गेले. पारशी नसलेल्याला तिथे राहता येत नव्हते. तेव्हा वहीत पारशी नाव घालून, रोज दीड रुपया देऊन त्यांनी वरच्या मजल्यावरची एक छोटी खोली घेतली. बाकी सगळा मजला अडगळीने भरलेला, वीज नाही, सोबत नाही. रात्री एका कंदिलाच्या उजेडात पुस्तक वाचायचे.

अकराव्या दिवशी सकाळी ते कामावर निघणार तेवढ्यात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. तू कोण आहेस, आमची जागा बाटवलीस, संध्याकाळपर्यंत चालता हो. बाबासाहेबांनी आठवड्याची मुदत मागितली, तीही नाकारली गेली. मग त्यांनी दोन मित्रांना विचारले. एक हिंदू होता. तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती होता, मूळचा ब्राह्मण. त्याने बायकोला विचारावे लागेल असे सांगितले आणि त्याचा अर्थ उघड होता. मुंबईची गाडी रात्री ९ वाजता होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले. आज आपण त्या जागेला संकल्पभूमी म्हणतो आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला तिथे जमतो.

आता दोन खोल्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये बाबासाहेबांबरोबर एक पारशी राहत होता आणि तो जन्माचा मित्र झाला. बडोद्यात काठ्या घेऊन आले तेही पारशीच होते. पारशी धर्मात अस्पृश्यता सांगितलेली नाही. ख्रिस्ती धर्मातही नाही. मग फरक कुठून आला? फरक माणसांच्या धर्मग्रंथातून आला नाही, तो जमिनीतून आला. जातिव्यवस्थेच्या जमिनीवर जो राहतो तो कोणत्याही धर्माचा असो, तिची नजर उचलतो. हिंदूंना जो अस्पृश्य तो आपल्यालाही अस्पृश्य, हे बाबासाहेबांनी त्या प्रसंगातून काढलेले निरीक्षण आहे. नवल भथेना त्या जमिनीपासून दूर होता म्हणून त्याला समोर फक्त एक हुशार सहाध्यायी दिसला. आणि तो भारतात परतल्यावरही तसाच राहिला, म्हणून १९२० मध्ये लंडनचे अर्धवट शिक्षण पुरे करायला निघताना बाबासाहेबांना त्याने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. व्यवस्था माणसाला घडवते हे खरे, पण माणूस ठरवील तर तिला नाकारूही शकतो. एका खोलीत राहिलेल्या दोन विद्यार्थ्यांनी ते करून दाखवले.

लंडनची भूक

१९२० ते १९२३ या काळात बाबासाहेब लंडनला परत राहिले. या वेळी संस्थानाची शिष्यवृत्ती नव्हती. सिडनहॅम कॉलेजच्या प्राध्यापकीतली बचत, नवलचे कर्ज आणि राजर्षी शाहू महाराजांची मदत यांवर सगळा डोलारा होता. धनंजय कीरांनी या दिवसांचे वर्णन केले आहे. घरमालकीणबाई सकाळी पावाचा तुकडा आणि चहा देत. मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन, दुपारचे जेवण नाही, गाडीभाडे वाचवायला शक्य तिथे पायी प्रवास. रात्री भूक लागली की एका ओळखीच्या माणसाने दिलेल्या पापडांतले चार पापड पत्र्यावर भाजायचे आणि दुधाबरोबर खायचे.

आपण हे वर्णन त्यागाची कथा म्हणून सांगतो. सांगावेच. पण प्रत्येक पिढीतल्या मुलाने चार पापडांवर डॉक्टरेट करावी, अशी अपेक्षा त्यातून काढू नये. बाबासाहेबांनी स्वतः ती काढली नाही. ते उपाशी राहिले, आणि परत आल्यावर त्यांनी मुलांच्या जेवणाची सोय केली. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी तिने सोलापूरला वसतिगृह सुरू केले. जून १९२८ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी काढली, तिच्याही कामाचा गाभा वसतिगृहे हाच होता. त्याआधी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगांची रांग उभी केली होती आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले होते. कोल्हापुरात शाळा होत्या. पण शाळेच्या गावात आपल्या मुलाला भाड्याने खोली कोण देणार? म्हणून शाहूंनी आणि बाबासाहेबांनी दोघांनीही शिक्षणाचा प्रश्न निवाऱ्याच्या बाजूने हाती घेतला. कोलंबियात खोली मिळालेला आणि बडोद्यात खोलीतून हाकललेला माणूस चळवळीचे पहिले ठोस काम म्हणून वसतिगृह काढतो, याचा अर्थ आपण अजून पुरता लावलेला नाही.

आजचा कंदील

आता आमच्या डोळ्यांसमोरची गोष्ट. मराठवाड्यातली एक मुलगी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात गेली. नाव सांगत नाही, शहरही सांगत नाही. तिथले घरमालक स्थानिक हमीदार मागतात. तो नसेल तर अनेक महिन्यांचे भाडे आगाऊ मागायची पद्धत तिथे रुळलेली होती. शेतमजुराच्या मुलीला इंग्लंडात हमीदार कुठून मिळणार? शिष्यवृत्तीचा हप्ता तोवर आलेला नव्हता. आईने बचतगटातून कर्ज काढले. मग तिने आपल्याच देशातल्या विद्यार्थ्यांच्या एका घरात जागा शोधली. फोनवर सगळे छान चालले होते. 'पूर्ण नाव काय?' असे विचारले गेले. आडनाव सांगितल्यावर 'गाव कोणतं, कोणत्या कोट्यातून आलात, घरात नॉनव्हेज चालणार नाही हं' असे प्रश्न आले आणि दुसऱ्या दिवशी 'जागा भरली' असा निरोप आला. चार दिवसांनी त्याच जागेची जाहिरात परत ग्रुपवर पडली.

शेवटी ती एका नायजेरियन आणि एका पोलिश मुलीबरोबर राहिली आणि मजेत राहिली. पण तिने नंतर आम्हाला जे सांगितले ते जास्त अस्वस्थ करणारे होते. बॅगेत आणलेला बाबासाहेबांचा फोटो तिने तीन महिने भिंतीवर लावला नाही. का? तर वर्गातली भारतीय मुले खोलीवर आली तर ओळखतील म्हणून. १९१७ मध्ये बडोद्याच्या वहीत पारशी नाव लिहावे लागले होते. शंभरहून अधिक वर्षांनंतर आपली मुलगी इंग्लंडात फोटो बॅगेत ठेवते. समुद्र ओलांडल्यावर बाबासाहेबांची जात गेली होती, कारण तिथे ती ओळखणारे थोडे होते. आज ओळखणारे विमानात शेजारच्याच सीटवर असतात. जात आता पासपोर्टशिवाय प्रवास करते.

हे तिथल्या संस्थांनाही हळूहळू कळते आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाने आपल्या भेदभावविरोधी धोरणात जात समाविष्ट केली. २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने तेच केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने कायदा करून जातीवरून भेदभावाला बंदी घातली आणि त्यात घर भाड्याने देण्याचाही समावेश आहे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक मात्र गव्हर्नरने नाकारले. ब्रिटनमध्ये २०१० च्या समता कायद्यात जातीचा स्पष्ट समावेश करण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळला आणि २०१८ मध्ये सरकारने वेगळी तरतूद करणार नाही, न्यायालयीन निवाड्यांवर भिस्त ठेवू, असे जाहीर केले. या प्रत्येक ठिकाणी विरोध करायला उभे राहिले ते आपल्याच देशातून गेलेले काही संघटित लोक. 'परदेशात जात कुठे असते?' असे ते विचारतात. जागेची जाहिरात परत का पडली, याचे उत्तर ते देत नाहीत.

आणि आपले सरकार? महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून दरवर्षी ७५ विद्यार्थी निवडले जातात, केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीही आहे. या योजना आपल्या हक्काच्या आहेत आणि त्या टिकल्या पाहिजेत. पण २०२२ मध्ये केंद्राने नियम केला की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. म्हणजे लिव्हिंग्स्टन हॉलमधला तो विद्यार्थी आज 'कास्ट्स इन इंडिया' हा विषय घेऊन अर्ज करील, तर तो अपात्र ठरेल!

लंडनमध्ये १० किंग हेन्रीज रोड हे घर आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते तीस लाखांहून अधिक पौंड देऊन विकत घेतले आणि स्मारक केले. पुढे तिथल्या कॅम्डेन कौन्सिलने निवासी घराचे संग्रहालय करायला हरकत घेतली, चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. ते स्मारक आमच्याही अभिमानाचे आहे. लंडनला गेलेला आपला प्रत्येक मुलगा तिथे जाऊन नतमस्तक होतो. पण नतमस्तक झाल्यावर संध्याकाळी तो कुठल्या खोलीत परततो, हे कोण पाहणार? भाडेकरू विद्यार्थी म्हणून बाबासाहेब ज्या शहरात राहिले, त्या शहरात आपल्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह हे त्यांच्या वारशाला शोभणारे दुसरे स्मारक ठरेल.

मागणे काय आहे?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. एक, शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता विद्यार्थी देश सोडण्याआधी त्याच्या खात्यात पडला पाहिजे, कारण डिपॉझिट विमानतळावरून उतरण्याआधी भरावे लागते. दोन, निवासाचा भत्ता शहराप्रमाणे ठरावा. लंडनचे भाडे आणि लहान गावाचे भाडे एक नाही. तीन, जिथे विद्यार्थी हमीदाराअभावी अडतो तिथे हमी शासनाने घ्यावी. बडोदा संस्थानाने एका मुलावर दहा वर्षांच्या कराराने भरवसा ठेवला होता, हे तर लोकशाही सरकार आहे. चार, परदेशी विद्यापीठांच्या वसतिगृह नियमांत जात हा शब्द यावा म्हणून तिथे लढणाऱ्या आपल्या बांधवांना इथून पाठबळ मिळावे.

पाचवे मागणे सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे. आज लंडन, टोरांटो, न्यू जर्सी, मेलबर्न अशा शहरांत आपली स्थिरावलेली कुटुंबे आहेत. तिथे १४ एप्रिल साजरा होतो, धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा होतो. त्यांनी नव्याने येणाऱ्या मुलाला पहिले पंधरा दिवस एक खोली द्यावी. भाड्याचा करार कसा वाचायचा, कोणत्या जाहिरातीवर विश्वास ठेवायचा नाही, आडनाव विचारणाऱ्याला काय उत्तर द्यायचे, एवढे शिकवावे. समाजशास्त्राच्या पुस्तकात याला सामाजिक भांडवल म्हणतात. सवर्ण मुलाला ते मामाच्या, काकाच्या, ज्ञातिमंडळाच्या रूपाने जन्मतः मिळते. आपल्याला ते उभे करावे लागेल, जसे सोलापूरचे वसतिगृह उभे केले गेले.

म्हणून वाचकांना एकच विनंती. या सप्टेंबरमध्ये तुमच्या तालुक्यातले कोण परदेशी निघाले आहे याची चौकशी करा. सत्काराचा हार जरूर घाला, पण हाराबरोबर विचारा: बाळा, उतरल्यावर पहिल्या रात्री कुठे झोपणार आहेस? आणि तुमचे कुणी नातेवाईक त्या शहरात असतील, तर तिथल्या तिथे फोन लावा. त्या मुलाला बॅगेतला फोटो पहिल्याच दिवशी भिंतीवर लावता आला पाहिजे.

जय भीम!